ऊन तर आपल्याकडंबी बक्कळ आहे, मग उष्ण देशात फिरायला कशाला जायचं?

आम्ही जानेवारीत श्रीलंकेला जायचं ठरवलं तेव्हा शेजारच्या काकांनी अंगणातूनच विचारलं, "कामून जायलाव तिकडं? ऊनच खायचं असंल तर एप्रिलात वावरात या की, फुकट मिळतंय." तेव्हा मी घाईत होते, हसून पुढं गेले, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण प्रश्न एकदम बरोबर होता. मी परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत सातवी-आठवीला भूगोल शिकवते, कटिबंधांचा धडा दरवर्षी घेते, तरी हे असं कुणी तोंडावर विचारलं नव्हतं. म्हणून काकांना तेव्हा न दिलेलं उत्तर इथं नीट लिहितेय, जरा लांब झालंय, पण अर्धवट सांगण्यात अर्थ नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. उष्ण कटिबंध म्हणजे विषुववृत्ताच्या वर आणि खाली साधारण साडेतेवीस अंशांपर्यंतचा पट्टा, वरच्या टोकाला कर्कवृत्त, खालच्या टोकाला मकरवृत्त. कर्कवृत्त आपल्या उत्तरेकडून, गुजरात आणि मध्य प्रदेशातून जातं, म्हणजे अख्खा महाराष्ट्र त्याच्या दक्षिणेला, म्हणजे आपण सगळे उष्ण कटिबंधातच जन्मलोय. याची खात्री करायची असेल तर मे महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान अंगणात एक काठी सरळ उभी करून बघा, त्या दिवसांत एकदा तिची सावली गायब होते, सूर्य बरोबर डोक्यावर असतो. लातूरला हे आधी होतं, संभाजीनगरला आठवडाभरानं. जुलैच्या शेवटी परत एकदा होतं पण तेव्हा बहुतेक ढग असतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. दिल्लीत ही सावली कधीच गायब होत नाही, कारण दिल्ली पट्ट्याच्या बाहेर आहे.

मग युरोपातले लोक उष्ण देशात फिरायला जाण्याची जी कारणं सांगतात, की ऊन मिळतं, थंडीतून सुटका होते, दिवस मोठा मिळतो, ती आपल्याला लागूच होत नाहीत. लंडनमध्ये डिसेंबरात दिवस आठ तासांचासुद्धा नसतो, त्या माणसाला ऊन म्हणजे औषध आहे. आपल्याकडं सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. आपली कारणं वेगळी आहेत, आणि माझ्या मते ती त्यांच्या कारणांपेक्षा जास्त वजनदार आहेत. आपल्याला ऊन नको, आपल्याला हे बघायचंय की ह्याच उन्हाखाली, ह्याच सूर्याखाली दुसरीकडं एवढं पाणी कसं काय आहे आणि ते लोक त्या पाण्याचं काय करतात.

हे समजायला हवेचं एक मोठं चक्र समजून घ्यावं लागतं. अवघड वाटतं पण चुलीवरच्या पातेल्यात सगळं दिसतं. भात शिजताना वाफ वर जाते, झाकणाला लागून गार होते, थेंब होतात आणि थेंब परत खाली पडतात. विषुववृत्ताजवळ हेच चालतं. तिथं सूर्य वर्षभर जवळजवळ डोक्यावर, खाली समुद्र आणि जंगल, म्हणून गरम दमट हवा सारखी वर चढत राहते, वर गेली की गार होते आणि सगळं पाणी तिथंच पाऊस होऊन पडतं. आता पाणी गळून गेलेली ती हवा, म्हणजे पिळून काढलेल्या फडक्यासारखी, वरच्यावर उत्तरेला आणि दक्षिणेला सरकते आणि साधारण तीस अंशांच्या आसपास खाली उतरते. खाली उतरताना हवा तापते आणि अजून कोरडी होते, म्हणून जगातली मोठी वाळवंटं, सहारा, अरबस्तान, आपलं थर, त्याच भागांत सापडतात. आणि ही जी वर चढणाऱ्या हवेची रेघ आहे ती एका जागी बसत नाही, सूर्याच्या मागं मागं जाते, आपल्या उन्हाळ्यात उत्तरेला येते, जुलैत पार गंगेच्या मैदानापर्यंत पोचते आणि तिच्याकडं ओढला जाणारा समुद्रावरचा वारा म्हणजे आपला मान्सून.

मग आपल्या वाट्याला कमी का? कारण मध्ये सह्याद्री उभा आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाट चढताना रिकामे होतात, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि घाट उतरून मराठवाड्यात येईपर्यंत सरासरी सातशेच्या आसपास राहते. तीही सरासरी, त्यातले किती दिवस कोरडे जातात ते सोयाबीन पेरणाऱ्याला विचारा. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला तर आपल्याकडं चांगलं पडतं, नाही झाला तर आभाळाकडं बघत बसायचं. सिंगापूरला, जे विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे, वर्षाला 2,100 मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो आणि तोही वर्षभर वाटून.

आता एक गंमत बघा. सिंगापूर जवळजवळ विषुववृत्तावर, म्हणजे आपल्यापेक्षा सूर्याच्या जास्त तावडीत, तरी तिथलं आजवरचं सगळ्यात जास्त तापमान 37 अंश आहे. परभणी-नांदेडला मे महिन्यात 42-43 आलं तर पेपरात बातमीसुद्धा मोठी येत नाही. असं कसं? माठ आठवा. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं म्हणून आतलं पाणी गार. जिथं जमीन ओली आहे, झाडं आहेत, तिथं सूर्याची बरीच ताकद पाणी उडवण्यात खर्च होते, दुपारी ढग येतात, पाऊस पडतो, तापमान तिथंच अडतं. आपली काळी रानं मार्चनंतर उघडी पडलेली, ओल संपलेली, उडवायला पाणीच नाही, मग सगळी ताकद माती आणि हवा तापवण्यात जाते. आपला उन्हाळा म्हणजे कोरडा पडलेला माठ आहे.

पण दुसरी बाजू पण सांगते नाहीतर तुम्ही तिकडं उतरल्यावर मला शिव्या द्याल. तिकडचं 32 आपल्या 38 पेक्षा जास्त जड वाटू शकतं. आपल्याकडं कूलर चालतो ना, वाळ्याच्या ताट्या लावून पाणी सोडलं की खोली गार, तोच कूलर कोकणातल्या पाहुण्यांकडं लावून बघा, नुसता ओलावा वाढतो. कारण हवेत आधीच पाणी भरलेलं असलं की नवीन पाणी उडत नाही. आपल्या अंगाचा घाम पण कूलरच आहे. आपल्याकडं घाम आला कधी आणि वाळला कधी कळत नाही, तिकडं तो अंगावरच राहतो, गार करत नाही. म्हणून पहिले दोन दिवस सासूबाई सारख्या म्हणत होत्या की ऊन तर लागत नाही मग जीव का घाबरा होतोय. उपाय साधा आहे, सुती सैल कपडे, सकाळी लवकर आणि चारनंतर फिरायचं, दुपारी पडायचं, पाण्यासोबत मीठ पोटात जाऊ द्यायचं. तिसऱ्या दिवशी शरीर जुळवून घेतं.

जायचं कारण नंबर एक माझ्यासाठी हेच होतं, की माझ्या सासूबाईंनी साठ वर्षांत इतकं हिरवं कधी बघितलं नव्हतं. ही बारीक गोष्ट नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते आपण सगळ्यांनी बघितलंय, ज्या बाईनं आयुष्यभर हंड्यांचा हिशोब ठेवला तिनं रस्त्याच्या दोन्ही बाजूला तळं, कालवा, भात, परत तळं असं तीन तास बघितलं आणि गाडीत एक शब्द बोलली नाही.

आता महिना कसा निवडायचा ते सांगते, कारण लोक इथंच चुकतात. पॅकेज स्वस्त मिळालं म्हणून तिकीट काढतात आणि तिकडं जाऊन पाच दिवस हॉटेलात पाऊस बघत बसतात. उष्ण देशांत उन्हाळा-हिवाळा असा फार नसतो, ओला आणि कोरडा एवढंच असतं, आणि मगाशी सांगितलेली ती चढत्या हवेची रेघ कुठं आहे त्यावर ते ठरतं. आपल्या लोकांना सवड कधी असते? मे महिना, शाळांना सुट्ट्या आणि रानं रिकामी. मग दिवाळी. मग तूर निघाल्यावर आणि हरभरा-ज्वारी काढणीला यायच्या आधीचे जानेवारीतले काही दिवस.

मे साठी माझं मत बालीला. बाली विषुववृत्ताच्या खाली आठ अंशांवर आहे, आपल्याकडं मे मध्ये सगळं भाजून निघतं तेव्हा ऑस्ट्रेलियात हिवाळा सुरू होत असतो आणि तिकडून कोरडा वारा बालीवर येतो, म्हणून एप्रिल-मे ते सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्यांचा कोरडा हंगाम, तापमान तीसच्या आसपास, आणि कोरडा हंगाम असून पण शेतात पाणी. ते कसं ते पुढं सांगते. जानेवारी-फेब्रुवारीत श्रीलंकेचा दक्षिण-पश्चिम भाग, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनामचा दक्षिण भाग हे सगळं चांगलं. फक्त एक ध्यानात ठेवा, डिसेंबर-जानेवारीत युरोपातले लोक थंडीतून पळून तिकडंच येतात त्यामुळं समुद्रकिनाऱ्यावरची हॉटेलं महाग असतात, किनारा सोडून आतल्या गावांत राहिलं तर तेवढा फरक पडत नाही. दिवाळीत मात्र सांभाळून. ऑक्टोबर-नोव्हेंबरात श्रीलंकेत जवळपास सगळीकडं पाऊस असतो आणि वादळं पण येतात, 2025 च्या नोव्हेंबरात दित्वा वादळानं तिथं खूप नुकसान केलं. मध्य व्हिएतनामला, ह्यूए आणि दा नांगकडं, तेव्हाच पूर येतात. थायलंडच्या उत्तर भागात मात्र नोव्हेंबरात पाऊस संपलेला असतो, दिवाळी नोव्हेंबरात असेल त्या वर्षी तिकडं जायला हरकत नाही.

श्रीलंकेचं अजून एक भारी आहे, तिथं दोन मान्सून आहेत. मे ते सप्टेंबर नैऋत्येकडून येणारा वारा कोलंबो-गॉलच्या बाजूला पाडतो, तेव्हा मधल्या डोंगरांमुळं पूर्व किनारा कोरडा. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून वारा येतो तेव्हा पूर्वेला पाऊस आणि पश्चिमेला उघाड. म्हणजे जी गोष्ट सह्याद्री आपल्याशी करतो तीच त्यांचे डोंगर करतात, पण त्यांची बाजू वर्षातून दोनदा पलटते, आपली पलटत नाही. त्यांचे शेतीचे हंगाम पण दोनच, महा आणि यल, आपल्या खरीप-रब्बीसारखे.

आणि आता ते ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. श्रीलंकेचा उत्तर-मध्य भाग, अनुराधपूर, पोलोन्नरुव, हा तिकडं 'कोरडा भाग' समजला जातो. कोरडा म्हणजे किती? वर्षाला 1,750 मिलिमीटरपेक्षा कमी. आपल्याकडं एवढा पडला तर ओला दुष्काळ जाहीर करावा लागंल. पण त्यांचा बहुतेक पाऊस तीन-चार महिन्यांत पडतो आणि मग कित्येक महिने काही नाही, म्हणून दोन हजार वर्षांपासून तिथले लोक तळी बांधत आले. तळ्याला तिकडं वॅव म्हणतात. पोलोन्नरुवचा पराक्रमबाहू राजा बाराव्या शतकातला, त्यानं बांधलेल्या तलावाचं नावच पराक्रम समुद्र, बांध जवळपास 14 किलोमीटर लांब, आणि तो आजही शेताला पाणी देतो. आम्ही त्या बांधावर संध्याकाळी गेलो होतो, बांधावरून रस्ता आहे, सायकलवर पोरं जात होती, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली भात. सासूबाई चपला काढून पायऱ्या उतरल्या, ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्याला लावलं.

पण मोठ्या तलावापेक्षा मला गावांची लहान तळी जास्त आवडली. ती एकेकटी नसतात, उतारावर माळेसारखी असतात, वरच्या तळ्यातून सुटलेलं पाणी शेतातून वाहून खालच्या तळ्यात जमा होतं, तिथून परत शेत, परत तळं. एकच पाणी चार-पाच वेळा वापरलं जातं. तळ्याच्या वरच्या अंगाला झाडांचा पट्टा राखतात, त्याला गसगोम्मन म्हणतात, वारा अडतो म्हणजे पाणी उडून जाणं कमी होतं. बांधाच्या खाली कट्टकडुव नावाचा झाडझाडोऱ्याचा तुकडा, तळ्यातून झिरपणाऱ्या पाण्यातला खार तो धरतो आणि शेत खारवत नाही. आणि गावतळ्याच्याही वर जंगलात एक बारकं तळं, कुळू वॅव, त्याच्यातून शेताला पाणी द्यायचंच नाही. ते फक्त गाळ अडवायला आणि जंगली जनावरांना प्यायला, म्हणजे हत्ती गावतळ्यावर येणार नाहीत. मी भूगोलाची बाई असून हे कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलं नव्हतं, आणि आपल्याकडं मलिक अंबरनं आणलेली नहर, संभाजीनगरची पाणचक्की हे सगळं आपण पोरांना सहलीला दाखवतो पण पाणी कसं फिरायचं ते कधी समजावून सांगत नाही याचं मला तिथं उभं राहून वाईट वाटलं.

तिकडं आपल्या माणसांना परकं वाटत नाही याचं कारण पण आहे. अजिंठ्याच्या 17 नंबरच्या लेण्यात सिंहल अवदानाचं, म्हणजे सिंहल नावाच्या व्यापाऱ्याच्या गोष्टीचं, चित्र आहे, जहाजातून सिंहलद्वीपावर उतरणारे लोक, हत्ती, लढाई, म्हणजे आपल्या भिंतीवर त्यांच्या देशाची गोष्ट रंगवलेली आहे. आणि श्रीलंकेतल्या सिगिरियाच्या खडकावरच्या पाचव्या शतकातल्या बायकांची चित्रं बघितली की अजिंठाच आठवतो. अनुराधपूरला बोधिवृक्ष आहे, संघमित्रेनं नेलेल्या फांदीचा, तिथं आम्हाला नांदेडकडचं एक कुटुंब भेटलं, पांढऱ्या कपड्यांत, वंदना करून बसलेलं. 1950 मध्ये बाबासाहेब कँडीला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते आणि त्याच वर्षी आपल्याकडं मिलिंद महाविद्यालय सुरू झालं. त्या कुटुंबातल्या आजोबांनी मला हे सांगितलं, मराठीत, बोधिवृक्षाखाली बसून, ते मी विसरणार नाही.

आता बाली. तिथं आम्ही अजून गेलो नाही, या मे मध्ये जायचं चाललंय, आणि हट्ट माझा नाही, आमच्या ह्यांचा आहे. आमचं रान जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला आहे. ज्याचं रान टेलला त्याला वेगळं काही सांगायची गरज नाही, पाणी पाळी कागदावर येते, चारीत येत नाही, वरचे मोटारी टाकून बसलेले असतात. आणि वर बघितलं तर तीच भांडणं मोठ्या आकारात, नाशिक-नगरच्या धरणांतून नाथसागरात, म्हणजे जायकवाडीत, पाणी सोडायचं की नाही म्हणून कोर्टापर्यंत जावं लागतं. बालीत हजारेक वर्षांपासून सुबक नावाची पद्धत आहे, युनेस्कोनं 2012 साली तिला जागतिक वारसा म्हणून घेतलं. एका कालव्यावरचे सगळे शेतकरी म्हणजे एक सुबक, त्यांचा पुढारी पेकासेह, आणि पाणी जिथं फाटतं तिथं देऊळ. कुणी कधी लावणी करायची, कुणाचं रान कधी मोकळं ठेवायचं हे सगळे मिळून देवळाच्या बैठकीत ठरवतात.

तुम्ही म्हणाल वरचा शेतकरी खालच्याचं का ऐकेल, पाणी तर त्याच्या हातात. हाच खरा मुद्दा आहे आणि हा समजला की सुबक समजलं. वरच्याला पाण्याची भीती नाही, पण किडीची भीती आहे. खालच्यानं वेगळ्या वेळी लावणी केली तर वरचं पीक काढल्यावर कीड आणि उंदीर खाली जातात, खालचं काढल्यावर परत वर येतात, त्यांना वर्षभर खायला मिळतं. सगळ्यांनी एकदम लावलं आणि एकदम रान मोकळं सोडून पाण्यानं भरून ठेवलं तर किडीला खायलाच उरत नाही, ती मरते. पण सगळ्यांनी एकदम लावायचं म्हणजे खालच्याला पण त्याच वेळी पाणी मिळायला पाहिजे. म्हणून वरचा पाणी सोडतो. उपकार म्हणून सोडत नाही, त्याचं स्वतःचं पीक वाचावं म्हणून सोडतो. 1970 च्या दशकात सरकारनं सांगितलं की नवीन बियाणं घ्या आणि थांबू नका, वर्षभर भात लावत राहा, तेव्हा ही बैठकीची पद्धत बाजूला पडली, पाण्याचा गोंधळ झाला आणि किडीनं पिकं खाल्ली. स्टीफन लान्सिंग नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं हे सगळं तपासून, कॉम्प्युटरवर मांडून दाखवलं की देवळांचं वेळापत्रक काही अंधश्रद्धा नव्हती, पाणी आणि कीड दोन्हीचा मेळ घालणारा तो हिशोब होता.

आता आपल्या कापसाकडं बघा. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं किती घरं बसवली. तेव्हापासून कृषी खातं सांगतंय फरदड, म्हणजे वेचणीनंतर उभाच ठेवलेल्या कापसाचं पीक, घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत कापूस उपटा, अळीची साखळी तोडा. पण एकानं उपटून काय होतं, शेजाऱ्याचा उभाच असतो. मी ह्यांना सुबकचं हे वाचून दाखवलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, ह्या लोकांना जाऊन भेटायला पाहिजे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, ह्यांनी परदेशात जायचं स्वतःहून पहिल्यांदा म्हटलं. कुणी विचारलं की फिरायला जाऊन काय मिळतं तर मी हे सांगते.

मॉरिशसचं थोडक्यात सांगते कारण नोकरदार लोकांना ते सोयीचं आहे. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली वीस अंशांवर, संभाजीनगर वर वीस अंशांवर, म्हणजे आरशातलं गाव म्हणा. आपला पावसाळा तो त्यांचा हिवाळा, जून ते सप्टेंबर हवा छान गार, जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस ते टाळा. तिथं उसाच्या मळ्यात कामाला नेलेल्या आपल्या लोकांचे वंशज आहेत, मराठी समाज आहे, शाळेत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. बीडकडच्या माणसाला त्या उसाच्या फडात उभं राहून काय वाटेल त्याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

खाण्याचं टेन्शन घेऊ नका. श्रीलंकेत आप्प, म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाटीसारखे डोसे, मिळतात, वरण म्हणजे त्यांचं परिप्पु मसुराचं असतं आणि आपल्या घरच्यासारखं लागतं, भात तर तिन्ही त्रिकाळ. शाकाहारी असाल तर एक गोष्ट विचारून घ्या, पोल सांबोल म्हणजे नारळाची तिखट चटणी, तिच्यात बऱ्याच ठिकाणी सुक्या मासळीचा चुरा असतो, आम्हाला हे दुसऱ्या दिवशी कळलं आणि सासूबाईंनी पुढं बरोबर नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर दिवस काढले. ज्वारीची भाकरी मिळत नाही त्याला इलाज नाही. फळं मात्र पोटभर खा, मॅंगोस्टीन, रामबुतान, पपई, आणि थंबिली म्हणजे केशरी रंगाचं शहाळं.

तब्येतीचं म्हणाल तर डेंग्यूचा डास दिवसा चावतो म्हणून मलम दिवसा पण लावा. केनियासारख्या आफ्रिकेतल्या देशात जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी ठरलेल्या सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते, दाखला नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून वेगळं ठेवू शकतात. प्रवाळ बघायला पाण्यात उतरलात तर त्याला हात-पाय लावू नका, ते दगड दिसलं तरी जिवंत असतं, आणि समुद्र तापल्यामुळं ते आधीच जगभर पांढरं पडायलंय. व्हिसाचे नियम सारखे बदलतात, त्या देशाच्या सरकारी साइटवरच बघा, व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या मेसेजवर तिकीट काढू नका. आणि आपल्या भागातल्या लोकांनी मुंबईच धरून बसायची गरज नाही, देवगिरी एक्सप्रेस जशी मुंबईला जाते तशी सिकंदराबादला पण जाते, नांदेड-परभणीकडून हैदराबादचं विमानतळ जवळ पडतं. चेन्नईपर्यंत रेल्वेनं गेलात तर तिथून कोलंबो विमानानं दीड तासाच्या आसपास.

परत आल्यावर काकांकडं चहाचं पाकीट घेऊन गेले. मोबाईलवर फोटो दाखवत होते, देवळं, हत्ती, समुद्र, काका नुसतं हं हं करत होते. पराक्रम समुद्राचा बांध आला तेव्हा त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला, दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि विचारलं, "एवढ्या जुन्या तळ्यात गाळ भरला नाही का गं? आपलं गावतळं तर पन्नास वर्षांत सपाट झालंय." मी त्यांना कुळू वॅवचं सांगितलं, वरच्या बारक्या तळ्याचं, ज्याच्यातून कुणी शेताला पाणी घेत नाही. काकांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग काकूंना आतून पोराची वही आणायला सांगितली आणि म्हणाले, "हितं काढून दाखव, कुठं असतंय ते."